हुंकार आणि होकार

"पोहऱ्यानं पाणी चाखू नये," असं विभावरी नेहमी म्हणायची.

दुभाष्याचं काम म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं की तिचं हे एवढंच उत्तर. आड कुणाचा, पिणारा कोण, पाणी गोड की मचूळ, याच्याशी पोहऱ्याला काय करायचंय? खाली जायचं, भरायचं आणि न हिंदकळता वर यायचं.

तिचा नवरा पुरुषोत्तम हसायचा. "अगं, तू डोंबिवलीची. तिसऱ्या मजल्यावर नळाचं पाणी पिऊन वाढलेली. पोहरा कधी डोळ्यांनी तरी पाहिलायस का?"

"नाही पाहिला," ती म्हणायची. "म्हणून तर स्वतःच झाले."

ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या हॅमिल्टनला येऊन त्यांना सोळा वर्षं झाली होती. पुरुषोत्तम दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत. विभावरी फार्मासिस्ट. तिकडची पदवी इकडे तशीच्या तशी चालली नाही, म्हणून तिनं पुन्हा परीक्षा दिल्या, दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली खोकल्याच्या बाटल्या रांगेत लावल्या, आणि मग कुठे पांढऱ्या कोटावर तिच्या नावाची पट्टी आली. हिवाळ्यात त्या गावात नदीवरून धुकं उठतं आणि रस्त्यारस्त्यांत शिरतं. दहा वाजेपर्यंत पुढच्या गाडीचे नुसते लाल दिवे दिसतात. दुधाचे टँकर त्या धुक्यातून असे येतात की आधी आवाज, मग वास, मग टँकर. या धुक्यातून ती रोज कामाला जायची आणि वाटेत कुणाशी बोलायचं झालं तर स्वतःशीच मराठीत बोलायची. घरात मराठीला ऐकणारे होते, उत्तर देणारे नव्हते. मुलगी इशिता तिथेच जन्मलेली. "जेवायला ये गं," म्हटलं की आतून "इन अ मिनिट, आई," असं यायचं.

एकदा इस्पितळातून फोन आला की एक मराठी म्हातारबाबा आहेत, त्यांचं कुणाला कळत नाही. विभावरी गेली. बाबांच्या छातीतली कळ तिनं डॉक्टरला इंग्रजीत नेऊन दिली. त्या दिवशी तिला वाटलं, उंबऱ्याबाहेर जिला काही काम नव्हतं त्या आपल्या भाषेला आज काम मिळालं. मग तिनं रीतसर अभ्यासक्रम केला, परीक्षा दिली, आणि दुभाषी पुरवणाऱ्या एका कंपनीनं तिला नंबर दिला. फोनवर ती आपलं नाव सांगायची नाही, तो नंबर सांगायची.

या कामाचा एक नियम आहे. दुभाष्यानं "तो म्हणतोय की" असं म्हणायचं नाही. बोलणारा "मी" म्हणाला की दुभाष्यानंही "मी"च म्हणायचं. त्यामुळे सोळा वर्षांत कधी खोटं न बोललेली ही बाई वीस-वीस मिनिटं कुणाकुणाची "मी" होऊन बसायची. मी गरोदर आहे. माझा नवरा मला मारतो. मला भाडं परवडत नाही. फोन ठेवला की पुन्हा विभावरी, पुन्हा पांढरा कोट, पुन्हा रक्तदाबाच्या गोळ्या. तिला या कामाचा अभिमान होता आणि तो तिनं कधी लपवला नाही.

जुलैतल्या, म्हणजे तिथल्या हिवाळ्यातल्या, एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, फोन आला. फार्मसीच्या मागे गाडी लावायच्या जागेत, आपल्या गाडीत बसून तिनं तो घेतला. काचांवर आतून वाफ धरली होती. मांडीवर पोळी-भाजीचा डबा. पलीकडे पोलीस ठाण्यातली एक खोली. खोलीत इमिग्रेशनची एक अधिकारी बाई, मऊ आवाजाची, आणि एक माणूस.

माणसाचं नाव श्रीनाथ. वय एकतीस, माण तालुक्यातला. गायी पिळायला तो हॅमिल्टनच्या दक्षिणेला एका फार्मवर आला होता. व्हिसा त्या एका मालकाशी बांधलेला. मालकानं गायी दुसऱ्याला देऊन टाकल्या आणि याला सांगितलं, आता तू बघ तुझं. श्रीनाथनं बघितलं. ओळखीच्यानं सांगितलेल्या दुसऱ्या फार्मवर गेला आणि तिथल्या शेडमागच्या खोलीत राहिला. व्हिसाची मुदत संपली. इमिग्रेशन खात्याची पत्रं जुन्या पत्त्यावर येत राहिली आणि पावसात भिजत राहिली. अकरा महिन्यांनी एका सकाळी रस्त्यावर पोलिसांनी गाड्या थांबवल्या, त्यात हाही थांबला.

अधिकारी बाई एकेक वाक्य वाचत गेली आणि विभावरी ते मराठीत करत गेली.

"तुझ्या व्हिसाची मुदत अकरा महिन्यांपूर्वी संपली."

"व्हय," श्रीनाथ म्हणाला.

"येस," विभावरी म्हणाली.

"आम्ही तुला पत्रं पाठवली. तू उत्तर दिलं नाहीस."

"व्हय."

"येस."

"पत्ता बदलला, ते तू कळवलं नाहीस. कारण तुला आम्हाला सापडायचं नव्हतं."

"व्हय."

"येस."

"आता तुला सोडलं, तर तू पुन्हा दिसेनासा होशील."

मग तोच आवाज, तितकाच नम्र. "व्हय, ताई."

इथे विभावरीची जीभ अडली. असं स्वतःबद्दल कुणी सांगतं का? आणि अधिकारी बाईला कुणी ताई म्हणतं का? हे ताई कुणाला होतं? शंका आली तर दुभाष्यानं थांबून विचारावं, अशी मुभा असते. परीक्षेतही तो प्रश्न येतो. पण सुट्टीची सात मिनिटं उरली होती, डबा तसाच होता, आणि पोहऱ्यानं पाणी चाखू नये.

"येस," ती म्हणाली. ताई तिनं गाळलं. तेवढा एकच शब्द त्या दिवशी पोहऱ्यातून सांडला.

एकवीस मिनिटांत काम झालं. तिनं आपला नंबर सांगितला, फोन ठेवला आणि भाजी गार झाली म्हणून कुरकुरत जेवली.

पुढे दीड महिन्यानं मराठी मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसला. आरती झाली, प्रसाद झाला, आणि संपदा माईक घेऊन उभी राहिली. संपदा इथे शिकायला आलेली मुलगी. शिकली, राहिली, आता गरिबांना फुकट सल्ला देणाऱ्या एका कार्यालयात वकील होती. तिनं सांगितलं की कायद्यात दुरुस्ती करायची म्हणून संसदेची समिती लोकांची मतं मागवते आहे. व्हिसा संपला एवढ्याच कारणासाठी ज्यांना धरतात, ज्यांच्यावर कसलाही गुन्हा नाही, त्यांना आज तुरुंगात ठेवतात, खून-मारामारीच्या कैद्यांच्या बरोबर. दर अठ्ठावीस दिवसांनी न्यायाधीश कोठडीच्या हुकमावर पुन्हा सही करतो आणि माणूस पुन्हा आत. "तुम्ही चार ओळी लिहा," ती म्हणाली. "फार नको, चारच."

रणजित म्हणून एक जण होता, टायरच्या दुकानाचा मालक, बोलायला तिखट. तो मागून ओरडला, "मग ठेवायचं कुठे त्यांना? मोटेलात?"

"घरी ठेवा. आठवड्याला सहीला बोलवा. कितीतरी देशांत तसं करतात."

"आणि कायदा कधी बदलणार?"

"समिती बसली आहे, रणजितदादा."

"म्हणजे समितीही बसलीय आणि आतला माणूसही बसलाय!"

हॉल हसला. संपदा हसली नाही. ती म्हणाली, "आपलाच एक मुलगा आत आहे. माण तालुक्यातला. दुसऱ्यांदा सही झाली. मी आता त्याची केस घेतलीय, पण कागदावर त्यानं सगळं कबूल केलंय. सुटलो तर पळून जाईन, असंसुद्धा. न्यायाधीश तरी काय करणार?"

विभावरीच्या हातात मोदकाचा द्रोण होता. तो तिनं खाली ठेवला. फोनवरचं फोनवरच ठेवायची तिची शपथ होती. शिवाय तो म्हणाला ते तिनं सांगितलं, त्याला ती काय करणार? घरी जाताना गाडीत पुरुषोत्तमनं दोनदा विचारलं, काय झालं. दोनदा ती म्हणाली, मोदक जड झाले.

आठवडाही गेला नसेल, तोच रणजितची आई फार्मसीत आली. आशालताबाई. कराडजवळच्या, लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, पायात चपला आणि चपलांत लोकरीचे मोजे. दाताला सूज होती. विभावरीनं त्यांना खुर्ची दिली आणि गोळ्यांचं पाकीट पुढे ठेवून सांगायला लागली.

"आजी, या दिवसातून तीनदा घ्यायच्या."

"व्हय."

"जेवणानंतर. सात दिवस, मध्ये थांबवायच्या नाहीत."

"व्हय."

"तुम्हाला पूर्वी पेनिसिलिननं अंगावर गांधी उठल्या होत्या?"

"व्हय, बाई."

विभावरीनं पाकीट झटकन मागे ओढलं. ती डॉक्टरला फोन लावायला वळली, तशी म्हातारी म्हणाली, "आगं, गोळ्या कुठं निघाल्यास घेऊन?"

"आजी, तुमच्या अंगावर गांधी उठतात ना?"

"कुणाच्या? माझ्या? जल्मात न्हाई उठल्या!"

"मग आत्ता व्हय म्हणालात ते?"

"तू बोलत हुतीस, मी ऐकत हुते," म्हातारी म्हणाली. "माणूस बोलतंय म्हटल्यावर हुं द्याला नगं? भितीसंगं बोलतीस का काय तू? जवाब का कधी मधीच देत्यात? तुझं सगळं सांगून झालं म्हंजी मंग मी सांगीन की."

ही रीत जुनी आहे. गावाकडे गोष्ट सांगणाराही हुंकाराशिवाय पुढे जात नाही. ऐकणाऱ्यानं हुं म्हटलं की गोष्टीचं पुढचं पाऊल पडतं. राक्षसानं राजपुत्राला खाल्लं, "हुं". याचा अर्थ ऐकणाऱ्याला ते पटलं असा नाही. तो जागा आहे, सांगणाऱ्याला त्यानं एकटं सोडलेलं नाही, एवढाच. हुंकार वेगळा आणि होकार वेगळा. माणदेशातल्या पोरालाही हे कळतं. डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर ते पोचलं नव्हतं.

विभावरीनं आजींना गोळ्या दिल्या. मग मागच्या खोलीत जाऊन औषधांच्या खोक्यांमध्ये उभी राहिली. तो माणूस शेवटपर्यंत तिचं ऐकत होता. तिचं सांगून झालं की आपली पाळी येईल, म्हणून थांबला होता. ते ताई तिलाच उद्देशून होतं. आणि त्याची पाळी आलीच नाही.

घरी तिनं पुरुषोत्तमला सगळं सांगितलं. तो बराच वेळ चहाचा कप फिरवत बसला.

"कंपनी तुला काढेल," तो म्हणाला. "नाव जाईल. उद्या फार्मसीवाल्यांनी विचारलं, ही बाई बोललेलं नीट ऐकते का, तर? एका शब्दासाठी, विभा?"

"एकाच शब्दासाठी तो आत आहे."

"तो व्हिसा संपूनही राहिला म्हणून आत आहे."

"त्यासाठी धरलं. सोडलं नाही ते माझ्यामुळे."

पुरुषोत्तम कप ठेवून उठला. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर संपदाच्या कार्यालयापर्यंत गेला आणि बाहेर गाडीत बसून राहिला.

संपदानं तिचं सगळं लिहून घेतलं. तुरुंगात जाऊन श्रीनाथची परवानगी आणली. त्याचं म्हणणं मराठीतच टिपून आणलं. मग प्रश्न आला पत्त्याचा. न्यायाधीश सोडायला तयार झाले, तरी हा माणूस राहणार कुठे, हे कागदावर लागतं. मंडळातल्या पाच घरी संपदा गेली. पाचही घरी चहा मिळाला. सहाव्या दिवशी रणजितचाच फोन आला. "माझ्या घरामागं खोली रिकामी आहे. लिही माझा पत्ता. आईनं दोन दिवस जेवण सोडलंय, म्हणतेय माणदेशाचं पोरगं आत आणि तू टायर विकतोस."

सुनावणी सप्टेंबरात लागली, तिसऱ्या सहीच्या दिवशी. त्याच्या आदल्याच दिवशी कंपनीचं पत्र आलं की चौकशी होईपर्यंत विभावरीचा नंबर बंद. तिनं ते पत्र फ्रिजवर चुंबकाखाली लावलं आणि निळी साडी नेसून कोर्टात गेली. रस्त्याकडेच्या झाडांना नुकती फुलं आली होती.

श्रीनाथ कोर्टात नव्हता. तो भिंतीवरच्या पडद्यावर होता. तुरुंगातल्या एका छोट्या खोलीत, करड्या सदऱ्यात, खुर्चीवर अगदी ताठ. विभावरीनं त्याला पहिल्यांदाच पाहिलं. आवाजावरून तिनं धिप्पाड माणूस कल्पिला होता. हा बारीक होता आणि हनुवटीवर दाढी वाढली होती. कोर्टानं त्याच्यासाठी ऑकलंडहून फोनवर दुसरा दुभाषी लावला होता. विभावरी आज साक्षीदार. आज तिला "मी" म्हणायचं होतं आणि ते स्वतःचं म्हणायचं होतं.

संपदानं विचारलेलं सगळं तिनं नीट सांगितलं. मग खात्याचा वकील उठला. तरुण, सभ्य, बारीक चौकटीचा चष्मा.

"आपण आणि हे गृहस्थ एकाच भाषेचे, नाही का? आपल्याला त्यांची कणव येणं साहजिक आहे."

"हो."

"म्हणजे त्या दिवशी आपण जे ऐकलंत ते बरोबर होतं. आता मन बदललं."

"नाही."

"त्या दिवशी उत्तर देताना आपल्याला काही खटकलं होतं?"

इथे दोन वाटा होत्या. नाही म्हटलं असतं, तर चूक प्रामाणिक ठरली असती, नाव राहिलं असतं, नंबर कदाचित परत आला असता. पण मग त्या दिवशीचा "येस" खरा ठरला असता आणि आजचं बोलणं कणवेचं.

"खटकलं होतं," विभावरी म्हणाली.

"मग विचारलं का नाहीत?"

"जेवणाची सुट्टी संपत आली होती."

टंकलेखन करणाऱ्या बाईचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. न्यायाधीश म्हातारे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग म्हणाले की त्या फोनवरची उत्तरं आपण आता विचारात घेणार नाही. ती बाजूला ठेवली, तर या माणसाला तुरुंगात ठेवावं असं फारसं काही उरत नाही. पत्ता दिलेला आहे. साक्ष संपवून शेजारी येऊन बसलेल्या विभावरीचा हात संपदानं टेबलाखाली धरला.

तेव्हा खात्याचा वकील पुन्हा उठला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. त्यानं सांगितलं की काल दुपारी श्रीनाथनं कागदावर सही केली आहे. तो आपणहून देश सोडून जायला तयार आहे. विमान गुरुवारचं.

संपदाचा हात सुटला. "मला हे कुणी कळवलं नाही," ती म्हणाली.

न्यायाधीशांनी पडद्याकडे पाहिलं. ही सही तुम्ही समजून केलीत का, असं त्यांनी विचारलं. ऑकलंडच्या दुभाष्यानं ते मराठीत केलं.

"व्हय," श्रीनाथ म्हणाला.

सगळं कोर्ट विभावरीकडे बघायला लागलं. या शब्दाचं काही खरं नसतं, हे तिनंच तर आत्ता अर्धा तास समजावलं होतं. तिनं मान खाली घातली. तिला बोलायची परवानगी नव्हती.

संपदा उठली. "त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या. आपण मधे बोलू नये."

कुणीही मधे बोललं नाही. श्रीनाथ वाट पाहत राहिला. हुंकार देण्यासारखं समोरून काही येत नाही, हे त्याच्या हळूहळू लक्षात आलं. मग तो बोलला.

"मला समजलं, सायेब. मला जायाचंय. दोन म्हयने झालं. खोलीत दोघं असतो. दुसरा समदी रात दार वाजवतो. दिसातनं थोडा येळ भायेर काडत्यात, तवा मी आभाळाकडं बगत बी न्हाई, पुन्यांदा आत येताना लई जड जातं. हितं वकीलबाई आल्या तेवढंच, न्हाईतर मराठी मी कुणासंगं बोललो न्हाई. परवा मी सोताशी बोलाय लागलो, तर माझाच आवाज वळकंना. कायदा बदलायचा तवा बदलंल. ज्यांनी घर देऊ केलं त्यांचं उपकार. ताईंनी खरं सांगितलं, त्यांचं बी. पर आता मला सोडलं तरी हितं मन ऱ्हायलं न्हाई. ही सही माझी हाय. कुनी चुकीनं करवून घेतली न्हाई."

ऑकलंडचा दुभाषी ते इंग्रजीत सांगत गेला. चांगलं सांगितलं त्यानं. विभावरीनं एकेक शब्द तपासला, एकही चुकला नव्हता.

यावर कुणाला काही करता येण्यासारखं नव्हतं. विमानाला दोनच दिवस होते. तेवढ्यासाठी हलवाहलव नको म्हणून श्रीनाथला गुरुवारपर्यंत आहे तिथेच ठेवायचं ठरलं. न्यायाधीशांनी तिसऱ्यांदा सही केली. हे सगळं समितीपुढे मांडू, असं संपदा हळूच म्हणाली. मुलाखत ध्वनिमुद्रित झालीच पाहिजे, माणसाला स्वतःच्या शब्दांत सांगू दिलंच पाहिजे, गुन्हा नसलेल्याला तुरुंग नकोच, असं तीन मुद्द्यांत लिहू. "तुमचं नाव घालू का, विभावरीताई?"

"घाल," विभावरी म्हणाली. "सुट्टीचंही घाल."

तिनं पर्स उचलली, साडीचा पदर सावरला. उठताना न्यायाधीशांच्या रिकाम्या खुर्चीला रिवाजाप्रमाणे मान लववली आणि बाकांच्या मधल्या वाटेनं दाराकडे चालायला लागली. ना घाई, ना मागे वळून पाहणं. बाहेर पुरुषोत्तम गाडीत बसला होता.

पडदा बंद करायचा कारकुनाच्या लक्षात राहिलं नव्हतं. तिकडे तुरुंगात श्रीनाथच्या समोरही असाच एक पडदा असणार, त्यात कोर्टाची ही खोली. संपदानं कागद गोळा करता करता वर पाहिलं. श्रीनाथ खुर्चीत पुढे झुकला होता. विभावरी जसजशी चालत गेली तसतशी त्याची मान तिच्या मागोमाग वळत गेली, एका बाजूला, अजून थोडी, अजून थोडी. कॅमेऱ्याची हद्द संपली तिथे त्याची मान थांबली. मागून शिपायानं त्याच्या खांद्याला हात लावला. तो तरी तिकडेच बघत बसला होता.